दिवेलागणीची पांढरी शेवंती

हिवाळ्यात अंगणात काय लावायचं, यावरून आमच्या घरात दर वर्षी भांडण व्हायचं. घरात माणसं दोनच, ताई आणि मी. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. माय-बाप लवकर गेले, मग तिनेच मला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं. दोघींचीही लग्नं झाली नाहीत. तिचं माझ्यापायी राहिलं असं नागपूरकडचे नातेवाईक म्हणत, आणि माझं तिच्यापायी राहिलं असं रागाच्या भरात मी म्हणत असे. ती रेल्वेच्या ऑफिसात होती, मी राज्य सरकारच्या. रायपूरच्या एका जुन्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, तिने कर्ज काढून बांधलेलं दोन खोल्यांचं घर होतं आणि पुढे फाटकापर्यंत अंगण. अंगण तिचं होतं. मी त्यात भाडेकरीण असल्यासारखी वावरायचे, आणि भाडेकरणीसारख्याच तक्रारी करायचे.

माझं म्हणणं साधं होतं. उन्हाळ्यात रायपुरात झाडं काय, माणसंही सुकतात. मग हिवाळ्याचे चार महिने मिळतात तर अंगण असं सजवावं की रस्त्याने जाणारा सायकलवरून खाली उतरला पाहिजे. लाल साल्विया लावावी, नारंगी झेंडू, जांभळा डेलिया. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं आणि शहरात बंगल्यांना ऊत आला. भोपाळहून ट्रक भरभरून फाइली आल्या, फाइलींमागून साहेब आले, आणि साहेबांच्या अंगणांसाठी रस्तोरस्ती नर्सऱ्या उघडल्या. ऑक्टोबरात त्या नर्सऱ्यांमध्ये रोपांचे नुसते गालिचे अंथरलेले असायचे. तिथे गेलं की माझा जीव लहान पोरीसारखा इकडून तिकडे धावायचा.

ताई माझ्यासोबत यायची, माझं सगळं ऐकून घ्यायची, आणि शेवटी बोट दाखवायची ते पांढऱ्याकडेच. पांढरी पिटुनिया. मधोमध पांढरी होत जाणारी शोभेची कोबी. राखेच्या रंगाच्या पानांचं एक ठेंगणं झाड, ज्याला धड फूलही येत नाही. आणि या सगळ्यांच्या वर, मधल्या अकरा कुंड्यांत, तिची घरची पांढरी शेवंती.

ही शेवंती नर्सरीतली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑफिसातल्या कोणीतरी तिला एक काडी दिली होती, ती तिने जगवली. फुलं सरली की झाड बुडाशी छाटायचं. बुडातून कोंब फुटतात, ते उन्हाळाभर भिंतीच्या सावलीत, दिवसातून दोनदा पाणी देऊन जगवायचे. आषाढात त्यांचे शेंडे खुडून कलमं करायची, आणि मग लहान कुंडीतून मोठीत, मोठीतून आणखी मोठीत. म्हणजे दर वर्षी रोप नवं, पण जीव तोच. तीस वर्षं ताईने तो जीव असा हातोहात पुढे नेला होता. बीरगावकडून वारा सुटला की कारखान्यांची काळी धूळ पानापानावर बसायची. ताई रविवारी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची. माझ्या तापात तिने माझं कपाळही असंच पुसलेलं मला आठवतं, न बोलता.

लोकांना वाटायचं, पांढरी फुलं विहारासाठी असतील. पण पौर्णिमेला विहारात न्यायची फुलं ती गोल बाजारातून विकत आणायची, घरचं एक तोडायची नाही. मग हे पांढरं कोणासाठी, ते मला कळायचं नाही. एकदा मी वैतागून विचारलं, "काहून वं असं सुनं सुनं लावते?"

"दिसते ना," ती म्हणाली.

तिच्याकडून याहून लांब उत्तर मला क्वचितच मिळालं. एका वर्षी मी हट्टाला पेटून, माझ्या पगारातून, शेंड्याची पानंच लाल होतात त्या लालपत्तीच्या दोन मोठ्या कुंड्या आणल्या. लाल म्हणजे काय लाल, दुपारी बघवत नव्हतं. फाटकाच्या दोन्ही अंगांना एकेक ठेवली आणि ताई घरी येण्याची वाट पाहत बसले. ती साडेसहाला आली, लुना उभी केली, दोन्ही कुंड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "काळी दिसते." मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

हिवाळ्यात साडेसहाला अंधार पडलेला असतो. आल्यावर ती सरळ घरात येत नसे. अंगणात एक लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर बसायची. मी आतून चहा नेऊन द्यायचे. जाता जाता ओसरीचा बल्ब लावला की मागून आवाज यायचा, "बंद कर." मी बंद करायचे, आत येऊन टीव्ही लावायचे आणि मनात म्हणायचे, विजेच्या बिलासाठी किती जीव काढावा माणसाने. अर्ध्या पाऊण तासाने ती आत यायची तेव्हा तिचा चेहरा उतरलेला नसायचा, एवढं मात्र माझ्या लक्षात यायचं. ऑफिसात तिला काय काय ऐकून घ्यावं लागत होतं ते तिच्यासोबतच्या बायका मला सांगत. ती स्वतः काही सांगायची नाही.

फाटकाला लागून बाहेर विजेचा खांब होता, पण त्यावर दिवा नव्हता. शहर राजधानी झालं तसे गल्लोगल्ली पिवळे दिवे लागू लागले. आमच्या गल्लीतही दिवा बसवायला माणसं आली, आणि ताईने त्यांना परत पाठवलं. एकदा नाही, तीनदा. समोरच्या घरात एक निवृत्त गुरुजी राहत, छत्तीसगढी, मोठे सज्जन. ते एका संध्याकाळी खांबाजवळच्या खड्ड्यात पडले आणि त्यांचा घोटा मोडला. पायाला प्लास्टर घालून, काठी टेकत ते आमच्या फाटकाशी आले आणि हात जोडून म्हणाले की, बडी दीदी, अब तो लगने दो. ताई त्यांच्यासाठी रोज डबा पाठवायला तयार झाली, खड्डा तिने स्वतः मुरूम आणून बुजवला, पण दिव्याला नाहीच म्हणाली. का, ते सांगितलं नाही. गल्ली जमली होती. मला इतकी लाज वाटली की मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हमारी दीदी चमगादड है, उजाला सहन नहीं होता." सगळे हसले. ताईने माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. पुढे दिव्याचा विषय कोणी तिच्याजवळ काढला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवी होती. राज्य झालं त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर घाईघाईने एक इमारत उठत होती, आणि ठेकेदाराने कामासाठी मोठा हॅलोजन टांगला होता. ताईने पंडरीच्या कापडबाजारातून जाड काळं कापड आणलं आणि मशीनवर अकरा लांब पिशव्या शिवल्या. अंधार पडायला लागला की ती शेवंतीच्या कुंड्यांवर एकेक पिशवी उतरवायची, सकाळी काढायची. अंगणात अकरा काळी माणसं उभी आहेत असं वाटायचं. मी म्हटलं, हे काय भुतं उभी केली तू. ती म्हणाली, "थंडी वाजते त्यांले." तोंडावरची रेघ न हलवता ती अशी थट्टा करायची, आणि मी अशी की दर वेळी खरं मानायचे. महिन्या-दीड महिन्यात काम संपलं, हॅलोजन गेला, पिशव्या ट्रंकेत गेल्या.

ताई श्रावणात गेली. पोटाचं दुखणं आधीपासून होतं, तिने अंगावर काढलं होतं. दवाखान्यात तीन आठवडे होती. आषाढातली कलमं तिने भरती होण्याच्या आदल्या दिवशी लावली होती, तेव्हाही पोट धरूनच. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी ती एकदम स्वच्छ आवाजात म्हणाली, "मले घरी ने. एक संध्याकाळ अंगणात बसव. कलमं पाहाची हायेत मले."

डॉक्टरांनी नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, न्यायचं तर न्या, तुमच्या जबाबदारीवर. जबाबदारी घ्यायला माझी छाती झाली नाही. ऑटोत तिला काही झालं तर, अंगणात झालं तर, मी एकटी काय करणार. भीती वाटते असं तोंडाने कबूल करणं मला कधी जमलेलं नाही, भीती वाटली की मी चिडते. मी चिडून म्हटलं, "अंधारात बसून काय पाहणार तू?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. चौथ्या दिवशी ती गेली, दवाखान्यातच, त्याच भिंतीकडे तोंड करून.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नातेवाईक गेले, आणि घरात मी उरले. मग मला कळलं की मी घाबरट आहे. साडेसहाला फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटायची. चहा टाकताना हात दोन कपांचं पाणी घ्यायचा. ओसरीचा बल्ब लावला की मागून कोणीतरी "बंद कर" म्हणेल म्हणून मी मान आखडून उभी राहायचे. कोणी म्हणायचं नाही, आणि ते जास्त भयंकर होतं. लोखंडी खुर्ची आत आणून ठेवली तर आतल्या खोलीत जाववेना, म्हणून परत अंगणात नेली. तिथे ती अंधारात रिकामी दिसायची, आणि मी खिडकीचा पडदा ओढून बसायचे.

मी दिव्यासाठी अर्ज केला. ऑफिसात ओळखी होत्या, आठ दिवसांत माणसं आली आणि खांबावर दिवा बसला. आमच्याकडे अशा दिव्यांचं बटण खांबालाच एका डबीत असतं, आणि ज्याचं घर जवळ त्याने ते संध्याकाळी लावायचं, सकाळी बंद करायचं. गुरुजी म्हणाले, अर्ज तुम्ही केला, खांब तुमच्या भिंतीला, तर मान तुमचाच. मला बरं वाटलं. रोज पावणेसहाला मी ऑफिसातून यायचे आणि फाटक उघडायच्या आधी बटण दाबायचे. दिवा आधी लालसर, मग पिवळा होत जायचा, आणि अख्खं अंगण कोपऱ्यापर्यंत लख्ख दिसायचं. खुर्चीही नुसती खुर्ची दिसायची.

ऑक्टोबरात मी नर्सरीत एकटी गेले. अडवायला कोणी नव्हतं. लाल साल्वियाची शंभर रोपं घेतली, हजारी झेंडू घेतला, जांभळे डेलिया घेतले, आणि ऑटोत बसल्यावर मला रडू आलं, कारण मनासारखं सगळं मिळालं होतं. पांढरं काहीच घेतलं नाही. पांढरी घरात होतीच. तिच्या अकरा कलमांना मी पावसाळाभर जपलं होतं, तिने झाडांसाठी ठेवलेल्या वहीत पाहून. वहीत कारण कशाचंच दिलेलं नव्हतं, नुसत्या आज्ञा होत्या. शेंडे खुड. काडी बांध. शेणखताचं पाणी पातळ कर. मी एकही आज्ञा मोडली नाही. आयुष्यभर तिचं ऐकलं नाही, ते सगळं त्या चार महिन्यांत ऐकून घेतलं.

मनातल्या मनात मी एक पैज लावून बसले होते. हे कोणाला सांगितलं असतं तर हसले असते, कारण आम्ही असल्या गोष्टी न मानणाऱ्या घरातल्या. पण माणूस एकटा पडला की काय काय मानू लागतो. शेवंती फुलली तर ताईने मला माफ केलं, असं मी ठरवलं होतं.

साल्विया फुलली. झेंडू असा फुलला की कुंड्या दिसेनात. लोक खरोखर सायकलवरून उतरून पाहू लागले, आणि मी फाटकात उभी राहून कौतुक करवून घेत होते. शेवंती मात्र नुसती वाढत होती. नोव्हेंबर गेला, कळी नाही. गावभर शेवंत्या उमलल्या, बाजारात टोपल्यांनी आल्या, आणि आमच्या अकरा कुंड्या हिरव्यागार, तजेलदार, कमरेएवढ्या, आणि मुक्या. कीड नाही, रोग नाही. पानं हातात चुरली तर तोच कडसर वास, जो ताईच्या पदराला असायचा. डिसेंबरात त्यांचे शेंडे खिडकीच्या कठड्याशी आले. रात्री जेवताना मान वर केली की काचेपलीकडे ते दिव्याच्या उजेडात उभे दिसायचे, अकराच्या अकरा, आत पाहत असल्यासारखे. मी पाठ करून जेवू लागले.

नंतर मी त्यांच्याशी भांडू लागले. सकाळी पानं पुसता पुसता मी म्हणायचे की, काय राहिलंय माझ्याकडून, सांग ना. पाणी दिलं, खत दिलं, तुझी वही पाठ केली. एक संध्याकाळ मागितली होती तू, ती दिली नाही, मला ठाऊक आहे. पण त्यासाठी असं भिंतीकडे तोंड करून किती दिवस राहणार आहेस. शेजारच्या बाईने एकदा ते ऐकलं आणि हळूच दार लावून घेतलं.

शेणखत आणि कुंड्या विकायला एक म्हातारी हातगाडी घेऊन आमच्या पाऱ्यात यायची. इथे आईला दाई म्हणतात, सगळे तिलाही दाईच म्हणत. ताईची ती जुनी ओळखीची. डिसेंबर संपत आला होता तेव्हा एका संध्याकाळी ती खताची रिकामी पोती परत न्यायला आली. मी तेवढ्यात ऑफिसातून येत होते. तिच्याशी बोलता बोलता, सवयीने, मी खांबाच्या डबीत हात घातला आणि बटण दाबलं.

दिवा लागला. दाईने वर पाहिलं, मग शेवंत्यांकडे पाहिलं, मग परत वर. हा दिवा कधीपासून, असं तिने विचारलं. ताई गेल्यावर लगेच, मी सांगितलं. रातभर जळतो? मी म्हटलं, हव, सकाळी जाताना बंद करते. म्हातारीने हातातलं पोतं खाली ठेवलं.

"दीदी, एला अंधियार चाही," ती म्हणाली. "रात कहां मिलथे एला?"

मग तिने मला समजावून सांगितलं. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग रात्र लागते. संध्याकाळपासून सकाळपर्यंत गडद अंधार मिळाला नाही तर तिला वाटतं अजून मोठेच दिवस चालू आहेत, आणि ती नुसती पानं काढत बसते. तुझ्या दीदीला हे पक्कं माहीत होतं, दाई म्हणाली, म्हणून तर काळ्या पिशव्या शिवल्या होत्या ना तिने, त्या वर्षी.

ताईने तीन वेळा परत पाठवलेली माणसं आठवली. गल्लीचं हसणं आठवलं, आणि वटवाघूळ हा माझा स्वतःचा शब्द. ताईने नीट सांगितलं असतं तर, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी मी तिला सांगायला जागा कुठे ठेवली होती. श्रावणानंतरचे एकूण एक दिवस मी सकाळी तिच्या झाडांना पाणी घातलं होतं आणि संध्याकाळी याच हाताने त्यांची रात्र काढून घेतली होती.

दिवा काढायला सांगणं शक्य नव्हतं. गुरुजींचा घोटा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि आता गल्लीतल्या पोरी शिकवणीहून त्याच उजेडात घरी येत होत्या. मी ट्रंक उघडली. पिशव्या घडी घालून ठेवल्या होत्या, डांबराच्या गोळ्यांसकट. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसातून आले की आधी अकरा पिशव्या, मग बटण. सकाळी आठला पिशव्या काढायच्या, मग ऑफिस. झाडं आता इतकी उंच झाली होती की पिशव्या पुरेनात, म्हणून खालून जुन्या काळ्या परकराची पट्टी जोडली. पिवळ्या उजेडात ती अकरा काळी माणसं पुन्हा अंगणात उभी राहिली. येणारे-जाणारे पाय उचलून चालू लागले. मला मात्र त्यांची भीती वाटेनाशी झाली. आत तोंड लपवून का होईना, ती काहीतरी करत होती.

गुरुजी एकदा विचारायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ पिशव्यांकडे पाहत राहिले, आणि बडी दीदीने हे आम्हाला काबर, म्हणजे का नाही सांगितलं, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, आपण हसलो होतो.

जानेवारी संपताना चार कुंड्यांत कळ्या दिसल्या, वाटाण्याएवढ्या. बाकीच्या सातांना उशीर झाला तो झालाच. फेब्रुवारी सरत आला, दुपारचं ऊन टोचू लागलं, झेंडू करपला, साल्विया शेंड्यापुरती उरली. इतक्या उशिरा आलेली कळी उन्हाने जळेल, अशी दाईने आशा सोडायला लावली होती. मी दुपारच्या सुट्टीत रिक्षा करून घरी येऊन कुंड्यांवर साडी बांधायचे. ऑफिसात साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, घरी आजारी माणूस आहे.

आणि एका संध्याकाळी आले तर एक उमललं होतं. लिंबाएवढंच, एका बाजूने थोडं पिवळट. ताईने पाहिलं असतं तर नाक मुरडलं असतं. दाईने सांगितलं होतं की फूल उमललं की मग त्याला उजेडाचं काही नाही, लाव दिवा खुशाल. मी पिशवी घातली नाही. डबीत हात घातला, बटणावर बोट ठेवलं, आणि मला दाबवेना. मी हात काढून घेतला, अंगणात गेले आणि त्या लोखंडी खुर्चीवर पहिल्यांदा बसले.

सूर्य गेला होता. मी काही पाहायला बसले नव्हते. आधी साल्विया गेली. आत्ता लाल होती ती काळी झाली, आणि मग कुंडीत काही आहे की नाही तेही कळेना. लालपत्ती आठवली. काळी दिसते, ती म्हणाली होती. ती टोमणा नव्हती मारत, जे दिसलं ते सांगत होती. मग जांभळा डेलिया गेला, मग पानं, मग भिंत. फाटकसुद्धा गेलं. आणि त्या सगळ्या अंधारात ते एक वेडंवाकडं पांढरं फूल राहिलं. मघाशी उजेडात होतं त्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं.

तीस हिवाळे माझी बहीण अंधार पडल्यावर घरी आली. सकाळी आठला जायची, साडेसहाला यायची. दिवसाउजेडी आपलं अंगण निवांत बघायला तिला रविवारचंच मिळायचं. मी रस्त्यावरच्या सायकलवाल्यासाठी झाडं निवडत होते. ती स्वतःसाठी निवडत होती, दमून आल्यावर अंधारात बसून जी दिसतील ती. पांढरी पिटुनिया, कोबीचा पांढरा गाभा, राखेची पानं, आणि मधोमध ही. दिसते ना, तिने सांगितलं होतं मला. आणि मी दवाखान्यात तिला विचारलं होतं की, अंधारात बसून काय पाहणार तू.

मी तोंडात पदर धरून रडले. श्रावणातही मी एवढी रडले नव्हते.

बऱ्याच वेळाने समोरून गुरुजींची काठी वाजली. गल्ली अजून अंधारात होती. ते फाटकापर्यंत आले असावेत, मला दिसत नव्हते. त्यांनी विचारलं, "दीदी, बत्ती?"

माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "थोडा रुकिए, गुरुजी. बडी दीदी बैठी है अभी."

ते हळू आवाजात म्हणाले, "हव. बैठन दे." आणि खांबाजवळ, त्या बुजवलेल्या खड्ड्याच्या अलीकडे, ते उभे राहिले. शिकवणीहून पोरी आल्या, त्यांनाही त्यांनी हात धरून एकेक करत अंधारातून पलीकडे नेलं. फूल नीट पाहून होईपर्यंत मी उठले नाही. मग मी बाहेर गेले आणि बटण दाबलं.